उपकरणांचा जमाखर्च

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून देशात लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमातील एक उपकलम आपल्या समाजातील फार थोड्या घरांत वाचले गेले असेल. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व, प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहायक उपकरणे विनामूल्य मिळावीत, याची तजवीज सरकारने व स्थानिक प्राधिकरणांनी करावी, असे ते सांगते. या वाक्यात कुटुंबाच्या उत्पन्नाची अट नाही. कारखानदाराच्या मुलाला वेगळा नियम आणि हमालाच्या मुलाला वेगळा, असा भेद कायद्याने केलेला नाही.

सहायक उपकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चाकांची खुर्ची आणि कुबड्या येतात. शाळेतल्या मुलाच्या दृष्टीने ही यादी बरीच मोठी आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी कानामागे लावायचे श्रवणयंत्र असते. वर्गात बाई पाठमोऱ्या होऊन फळ्यावर लिहीत असल्या तरी त्यांचा आवाज थेट त्या यंत्रात पोहोचवणारा बिनतारी संच असतो. अंध मुलासाठी ब्रेलची पाटी व टोचणी असते आणि गणितासाठी टेलर फ्रेम नावाची खाचांची चौकट असते, तिच्यात छोटे खिळे बसवून मूल बेरजा-वजाबाक्या मांडते. अंधुक दिसणाऱ्यासाठी भिंगे आणि मोठ्या अक्षरांतील पाठ्यपुस्तके असतात. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याला बोलता येत नाही, त्या मुलासाठी चित्रांवर बोट ठेवताच शब्द उच्चारणारी टॅबलेटवरील प्रणाली असते. पाठीला आधार देणारी साधी लाकडी खुर्चीदेखील याच यादीत येते. ती नसेल तर ते मूल वर्गात अर्धा तासही ताठ बसू शकत नाही.

यासाठी सरकारी पैसा प्रामुख्याने दोन वाटांनी येतो. पहिली वाट ‘एडिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय योजनेची. ती १९८१ पासून सुरू आहे. तिच्या बऱ्याचशा उपकरणांचा पुरवठा कानपूर येथील ‘अलिम्को’ हा १९७२ मध्ये स्थापन झालेला सरकारी उपक्रम करतो. या योजनेला उत्पन्नमर्यादा आहे. २०१४ च्या नियमांत दरमहा १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण खर्च आणि त्यापुढे २०,००० पर्यंत निम्मा खर्च मिळत असे. मर्यादा पुढे वाढली, तरी बाजारपेठेत स्वतःचे दुकान असलेले कुटुंब बहुधा तिच्या बाहेरच राहते.

दुसरी वाट शाळेतून जाते. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ योजना आली. तिच्या समावेशित शिक्षण विभागात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरली जाते. मुलींना त्याखेरीज दरमहा २०० रुपये, वर्षातून दहा महिने, प्रोत्साहनभत्ता मिळतो. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरून अशी मुले शोधतात, मग तालुक्याच्या ठिकाणी मोजमाप शिबिर भरते आणि काही महिन्यांनी साहित्यवाटप होते. माझ्या बँकेतील सवयीने मी हा आकडा दिवसांवर भागून पाहिला. ३,५०० भागिले ३६५, म्हणजे दिवसाला दहा रुपयांहून किंचित कमी. आणि या रकमेत केवळ उपकरण येत नाही. प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता अशी कितीतरी शीर्षे त्याच पिशवीत कोंबलेली असतात. अर्थात ही सरासरी तरतूद आहे, प्रत्येक मुलाच्या हातात तेवढी रक्कम पडते असे नाही. एकाच्या श्रवणयंत्राला जास्त लागते, दुसऱ्याच्या भिंगाला कमी.

आपल्या समाजापुरता एक पेच येथे निर्माण होतो. समग्र शिक्षेचे हे साहाय्य शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. व्यापारी कुटुंबांतील मुले बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. त्यामुळे फिरता विशेष शिक्षक त्या शाळेच्या फाटकापर्यंत येत नाही, मोजमाप शिबिराची सूचनाही तिथे लागत नाही. एडिपमध्ये उत्पन्न आड येते, समग्र शिक्षेत शाळा आड येते. असे असले तरी त्याच कायद्याचे सोळावे कलम मान्यताप्राप्त शाळांनाही बांधील धरते. शासनाने ज्या शाळेला मान्यता दिली आहे, तिने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, अशी अपेक्षा आहे. हे मागायचे तर हातात कागद हवा. कागद म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबत मिळणारे ‘यूडीआयडी’ हे ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन करता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. जे करायचे आहे ते एवढेच, आणि आपल्याकडे नेमके तेवढेच होत नाही.

समाजाच्या शिष्यवृत्ती निधीचे अर्ज तपासताना काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर एक प्रकरण आले. तालुक्याच्या गावातील कापड दुकानदाराचे एकत्र कुटुंब, पैशाची वानवा नाही. धाकट्या मुलाच्या मुलीला ऐकू येत नाही हे ती दीड वर्षाची असतानाच पुण्यातील तपासणीत ठरले होते. उत्तम प्रतीची दोन श्रवणयंत्रे लगेच घेतली गेली. मात्र प्रमाणपत्र काढायला आजोबांनी नकार दिला. घरात थोरल्या नातीसाठी स्थळे पाहणे सुरू होते आणि ‘सरकारी दप्तरी आपल्या घराचे नाव अशा यादीत लागायला नको’ असे त्यांचे म्हणणे. त्याच धाकाने यंत्रेही फक्त घरात घातली जात. बाहेर निघताना, लग्नकार्यात, अगदी मंदिरात जातानाही आई ती काढून पर्समध्ये ठेवी. थोरलीचे लग्न झाले तेव्हा धाकटी साडेपाच वर्षांची होती.

या वयाला महत्त्व आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचा मेंदू भाषा ग्रहण करायला पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक सज्ज असतो. पुढे ती दारे पूर्ण बंद होत नाहीत, पण जड होतात. म्हणूनच एडिपच्या सुधारित नियमांत कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेसाठी जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलांना पाच वर्षांची वयोमर्यादा घातली गेली. २०१४ च्या नियमांत प्रत्येक मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यात धरला होता, आणि या कामाचे समन्वयन मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. या कुटुंबाला सरकारच्या सहा लाखांची गरज नव्हती. पण जी घड्याळाची टिकटिक सरकारी नियमाला ऐकू आली, ती घरातील वडीलधाऱ्यांना ऐकू आली नाही. ती मुलगी आज सातवीत आहे. गणितात वर्गात पहिली असते आणि दुकानातील टाकेतावून तिला तोंडपाठ आहेत. बोलणे मात्र घरच्यांखेरीज इतरांना चटकन समजत नाही, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी ती शाळेत जायला तयार होत नाही. थोरलीच्या सासरच्यांना, मागाहून कळले त्याप्रमाणे, ही गोष्ट सुरुवातीपासून ठाऊक होती.

आता उपकरण मिळते त्यांच्याकडे वळू. व्यापाऱ्याला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. गाडी घेतली की डिझेल, टायर आणि चालकाचा पगार आलाच. उपकरणांच्या बाबतीत मात्र सरकार, कंपन्यांचे सामाजिक दायित्व निधी आणि आपले विश्वस्त निधी हे तिघेही गाडी देऊन डिझेलचे विसरतात. कानामागच्या यंत्रातील छोटा सेल दिवसभर वापरला तर साधारण एक ते दोन आठवडे पुरतो. दोन कानांची दोन यंत्रे धरली तर वर्षाला पन्नास ते शंभर सेल झाले. यंत्राला कानात बसवणारा साचा मुलाच्या कानाच्या मापाने घडवतात. मूल वाढते, कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. वर्गातली मुले हसतात, मूल यंत्र काढून दप्तरात टाकते. लहान मुलाचा साचा काही महिन्यांत, मोठ्याचा वर्षभरात बदलावा लागतो. सहा लाखांच्या इम्प्लांटचेही तेच. शस्त्रक्रियेने आत बसवलेला भाग टिकतो, पण बाहेरच्या प्रोसेसरची वायर तुटते, हमीचा काळ संपतो आणि मग नवा प्रोसेसर घेण्याचा खर्च मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असतो. शस्त्रक्रियेनंतर वाचा-उपचारासाठी आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी जायचे, तर आईचा रोजगार बुडतो, तो वेगळाच. या सगळ्याला वाटपाच्या कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते.

दिलेल्या वस्तूमागे उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्याच परंपरेतील एका संस्थेने दाखवून दिले आहे. जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून साकारला. त्याचा प्रसार करणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे स्थापन केली. त्या पायाचे वैशिष्ट्य असे की तो घालून उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात चालता येते आणि तो स्थानिक कारागिराला बनवता व दुरुस्त करता येतो. पाय झिजला की माणूस परत येतो, त्याला पुन्हा पाय मिळतो. परत येणारा माणूस गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी केली आहे. श्रवणयंत्राच्या वाटपात तो परत येणारा मुलगा कोणी गृहीत धरलेला नसतो.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या वैयावृत्त्याचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत आहार, औषध आणि आवास यांच्याबरोबर ‘उपकरण’ हा शब्द आहे. ज्येष्ठ वाचकांना हे सांगायची गरज नाही. तिथे उपकरण म्हणजे साधूच्या संयमाला व स्वाध्यायाला साहाय्यभूत होणारी वस्तू, हे मान्यच. तरीही वैयावृत्त्य या शब्दाचा अर्थ एकदा वस्तू देणे असा कोणीही केलेला मी वाचलेला नाही. सेवा हा त्याचा गाभा आहे, आणि सेवा एका दिवसात संपत नाही. महावीर जयंतीच्या दिवशी चाकांच्या खुर्च्या वाटण्याची प्रथा अनेक गावांत आहे, ती चांगलीच आहे. त्या खुर्च्यांपैकी किती पुढच्या महावीर जयंतीला चालत्या अवस्थेत असतात, याची नोंद कोणत्याही निधीच्या अहवालात असलेली मी पाहिलेली नाही. माझ्या मते सरकारी पैसा आणि समाजाचा पैसा यांची वाटणी याच रेषेवर व्हावी. उपकरणाची मूळ किंमत हा सरकारवरचा कायदेशीर हक्क आहे, तो मागून घ्यावा. जे सरकारच्या नियमांत बसत नाही ते साचे, सेल, वायर, प्रवास आणि शिकवणी समाजाने उचलावे. आज आपण नेमके उलट करतो. सरकार जे देणे लागते तेच आपण विकत घेऊन वाटतो.

हक्क कुठे मागायचा? आपल्या गावची नगरपरिषद हे पहिले ठिकाण. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून खर्च करावा असा शासनाचा आदेश आहे. हा निधी सरसकट किरकोळ अनुदानात वाटून टाकावा की शाळकरी मुलांच्या उपकरणांसाठी आणि ती शिकवणाऱ्या माणसांसाठी काही भाग बाजूला काढावा, हे तिथल्या सभेत ठरते. बाजारपेठेतील आपली मंडळी अनेक ठिकाणी नगरसेवक आहेत, नसली तरी मालमत्ता कराच्या रूपाने त्या उत्पन्नात त्यांचा मोठा वाटा आहे. रस्त्याच्या खड्ड्यावर निवेदन देणाऱ्या व्यापारी संघाने एकदा या पाच टक्क्यांचा हिशेबही मागून पाहावा. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला, तेव्हा वरच्या पातळीवर दाद मागायलाही आता एक निश्चित दार आहे.

कराच्या बाबतीतही प्रमाणपत्राचा उपयोग होतो. सीए मंडळींना कलम ८०डीडी म्हणून परिचित असलेली वजावट अवलंबून असलेल्या दिव्यांग नातलगासाठी ७५,००० रुपयांची असून ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर ती १,२५,००० होते. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर तिची रक्कम ठरत नाही, आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाही ती घेता येते. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना मात्र ती मिळत नाही. वर उल्लेखिलेल्या कापड दुकानदाराच्या कुटुंबाने चार वर्षांत लपवाछपवीसाठी मोजलेल्या किमतीत ही वजावटही धरावी.

जीएसटीचे एक कोडे जाता जाता सांगतो, व्यापारी वाचकांना त्यात रस वाटेल. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा श्रवणयंत्रावर कर शून्य ठेवला गेला, तर चाकांची खुर्ची, ब्रेलची साधने वगैरेंवर पाच टक्के लागला. त्यावर बराच गदारोळ झाला. सरकारचे उत्तर असे होते की कर पूर्ण माफ केला तर देशी उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही आणि आयात माल स्वस्त पडेल. युक्तिवाद हिशेबाने बरोबर होता, पण चाकाच्या खुर्चीवर कर भरणाऱ्या बापाला तो पटवून देणे अवघडच.

सगळीच मदत पैशांची नसते. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये तयार करायला घेतली. ती विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते. साधा जुना लॅपटॉप असेल तर अंध विद्यार्थ्याला पुस्तकांचे दालन खुले होते. ‘सुगम्य पुस्तकालय’ हा ऑनलाइन संग्रह २०१६ मध्ये सुरू झाला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदाही दिव्यांगांसाठी पुस्तके वाचनीय स्वरूपात आणायला परवानगी देतो. अडचण वेगळीच आहे. आपल्या संस्थांची स्तवने, कथाकोश, पाठशाळेची पुस्तके आणि अनेक सामाजिक मासिके आजही युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत जुळवली जातात किंवा नुसत्या छायाप्रतींच्या स्वरूपात संकेतस्थळांवर चढवली जातात. डोळ्यांना ती पाने सुबक दिसतात. वाचक-प्रणालीसमोर ठेवली की ती मुकी होते, किंवा इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कलकलाट करते. पाठशाळेत जाणाऱ्या अंध मुलाला भक्तामर ऐकून पाठ करता येते, पण त्याचा अर्थ स्वतः उघडून वाचता येत नाही. पुस्तक युनिकोडमध्ये जुळवायला एक पैसाही जास्त लागत नाही. छपाईची मूळ फाइल जपून ठेवणे आणि मुद्रकाला तसे सांगणे पुरे. संपादक मंडळाने या मासिकापुरता तरी याचा विचार करावा, ही विनंती.

आमच्या गावातील समाजाच्या निधीने यंदाच्या अंदाजपत्रकात ‘उपकरणे: देखभाल व दुरुस्ती’ असे स्वतंत्र शीर्ष उघडले आहे. लाभार्थी कोणत्या जातिधर्माचा हे विचारायचे नाही, मूल शाळेत जाते एवढे पाहायचे, असा ठराव झाला. पहिल्या तिमाहीची बिले खजिनदार या नात्याने माझ्यासमोर आहेत. श्रवणयंत्रांचे सेल, कानाचे चार साचे, चाकांच्या एका खुर्चीची ट्यूब, ब्रेलचे जाड कागद आणि एका विशेष शिक्षिकेचा एसटीचा प्रवासखर्च. एकूण रक्कम गेल्या वर्षीच्या वाटप समारंभातील मंडप व ध्वनिक्षेपकाच्या बिलापेक्षा कमी भरली. सेल मुलांपर्यंत पोहोचवायला मात्र दर पंधरवड्याला कोणीतरी लागते. सध्या ते काम बसस्थानकाजवळचे औषध दुकानदार करतात. त्यांनी गल्ल्याशेजारी एक वही टांगली आहे, मूल सेल घेऊन गेले की त्यात तारीख पडते, आणि तीन आठवडे तारीख पडली नाही तर ते घरी फोन करतात.